हाडानं हो म्हणावं लागतं

राजूरला हिवाळ्यात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. डांगाणातल्या वाड्यापाड्यांवरून, घाटाच्या कडेच्या गावांमधून लोक आपले वळू, गाई, कालवडी घेऊन येतात. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ही जात. सह्याद्रीचा चार महिन्यांचा पाऊस अंगावर झेलायचा, म्हणून हिच्या कातडीला तेलकट तकाकी असते. नुसतं बघायला आलेल्याची नजर शिंगांवर आणि वशिंडावर जाते. घेणारा मात्र जवळ जातो, एका हातानं वेसण धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं जनावराचा खालचा ओठ दाबून खाली ओढतो आणि क्षणभर वाकून बघतो. झालं, त्याला वय कळलं. दुधाचे दात शाबूत असले तर ‘आदत’. मधले दोन पडून तिथं रुंद, पक्के दात आले की ‘दोन दाती’, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचं. पुढं चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की ‘जुळलेलं’. वरच्या जबड्यात पुढचे दात बघायचा प्रश्नच नसतो, कारण गाईबैलांना ते नसतातच. तिथं चिवट गादी असते.

असाच एकदा त्या गर्दीत उभा होतो आणि एका खोंडाचे दात मोजले जाताना माझी जीभ आपोआप माझ्या डाव्या गालाकडं गेली. खालच्या जबड्यातली पहिली मोठी दाढ तिथं नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ती काढावी लागली होती. मूळच उभं तडकलं होतं, आणि उभं तडकलेलं मूळ सहसा वाचत नाही. या दाढेची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. ती सहाव्या वर्षी येते, एकही दुधाचा दात न पाडता, मागच्या मोकळ्या जागेत गुपचूप. आईबापांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच, पडेल आणि पुन्हा येईल. म्हणून तिच्याकडं लक्ष जात नाही, आणि पुष्कळांच्या तोंडातून सगळ्यांत आधी जाते ती हीच. ती पुन्हा येत नाही. शार्कला जन्मभर दातांच्या नव्या ओळी येत राहतात, हत्तीला एकामागून एक दाढांचे सहा संच मिळतात. आपल्या वाट्याला मात्र दोनच खेपा.

मग डॉक्टरांनी सांगितलं, ‘इम्प्लांट करता येईल, विचार करून सांगा.’ मी विचार करायला बसलो, आणि ज्याला मी एक खर्चाचा प्रश्न समजत होतो तो प्रश्न मला पार सह्याद्रीच्या पोटापर्यंत घेऊन गेला.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, जी मला स्वतःला दाढ जाईपर्यंत ठाऊक नव्हती. दात जबड्यात बसलेला असतो असं आपण म्हणतो, पण जबड्याच्या हाडाचा तो काठ, ज्यात दाताची मुळं उभी असतात, तो दातासाठीच जन्मलेला असतो. दात येतो तेव्हा तो तयार होतो, दात चावतो तेव्हा त्याला काम मिळतं, आणि दात गेला की त्याचं असण्याचं कारणच संपतं. मग हाड हळूहळू विरघळायला लागतं. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यानं घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाचं बोळकं होतं, गाल आत जातात, हनुवटी नाकाकडं येऊ लागते, ते निव्वळ दात नसल्यामुळं नव्हे. दातांमागचं हाडही गेलेलं असतं. आजीची कवळी बसवली तेव्हा घट्ट होती आणि चार-पाच वर्षांत ती बोलताना उचलायला लागली, याचं कारणही तेच. कवळी तीच राहिली, तिच्याखालची जमीन खचली.

गेलेल्या दातासाठी माणसानं तीन वाटा शोधल्या आहेत. काढता-घालता येणारी कवळी ही सगळ्यांत स्वस्त. दुसरा ब्रिज : मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या आणि मधला खोटा दात त्या दोघांच्या खांद्यावर टांगायचा. ब्रिज चांगला चालतो, बरीच वर्षं चालतो, पण त्यासाठी दोन धडधाकट दातांचं कवच कायमचं उतरवावं लागतं. हे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे आणि ते एकदाच मिळतं. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईतो संपून गेलेल्या असतात. आणि तिसरी वाट इम्प्लांटची : हाडातच धातूचा एक स्क्रू रोवायचा आणि त्यावर दात उभा करायचा. शेजाऱ्याला हात लावायचा नाही.

हाडात स्क्रू रोवायचा, हे ऐकायला साधं वाटतं. पण शरीरात बाहेरची वस्तू घुसली की शरीर काय करतं हे ज्याच्या पायात बाभळीचा काटा मोडून राहिलाय त्याला विचारावं. ती जागा सुजते, पिकते, काट्याभोवती पू धरतो आणि काटा बाहेर ढकलला जातो. बहुतेक परक्या वस्तूंशी शरीर असंच वागतं. फार तर भोवती जाड पडदा विणून तिला वेगळं पाडतं. शतकानुशतकं माणसांनी जबड्यात काय काय ठोकून पाहिलं. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये 1931 साली एक प्राचीन जबडा सापडला, इसवी सन 600 च्या सुमाराचा. त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे, दातासारखे कोरलेले तुकडे बसवलेले होते, आणि पुढं क्ष-किरणांत त्यांच्याभोवती हाड वाढलेलं दिसलं. म्हणजे तो माणूस ते दात घेऊन जगला होता. पण असं क्वचित जमे. का जमे आणि का फसे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते कळलं एका सशामुळं. 1952 च्या सुमाराला स्वीडनमधल्या लुंड इथं पेर-इंगवार ब्रोनमार्क नावाचा तरुण संशोधक हाडातलं रक्ताभिसरण अभ्यासत होता. दातांशी त्याचा काही संबंध नव्हता. सशाच्या पायाच्या हाडात त्यानं टायटॅनियमची एक छोटी नळीवजा खिडकी बसवली होती, तिच्यातून सूक्ष्मदर्शकानं आतलं जिवंत रक्त वाहताना दिसायचं. प्रयोग संपला, खिडकी महागाची, पुढच्या सशासाठी वापरू म्हणून तो ती काढायला गेला. ती निघेना. हाडानं तिला असं धरलं होतं की जणू ती हाडाचीच झाली होती. मधे पडदा नाही, पू नाही, सूज नाही. दुसरा कुणी असता तर वैतागून नवी खिडकी मागवून मोकळा झाला असता. ब्रोनमार्क त्या चिकटण्यापाशीच थांबला, आणि पुढची अनेक वर्षं थांबला. 1965 मध्ये गोथेनबर्गला त्यानं पहिल्या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. गोस्ता लार्सन हे त्याचं नाव, वय 34, जन्मतःच टाळू आणि जबडा सदोष, नीट चावता येत नव्हतं. 2006 मध्ये लार्सन वारला तेव्हाही ते स्क्रू काम करत होते. चाळीस वर्षांहून अधिक. तोवर जगानं या गोष्टीला नाव दिलं होतं, ऑसिओइंटिग्रेशन. आपण त्याला हाडात एकजीव होणं म्हणू. दंतवैद्यकानं मात्र ते सहजी मान्य केलं नाही. 1982 मध्ये टोरांटोला एक परिषद झाली, तिथं स्वीडिश मंडळींनी वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा कुठं उरलेल्या जगाचा विश्वास बसला.

पण टायटॅनियमच का?

इथं मला राजूरच्या भोवतालचा काळा दगड आठवतो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सगळं सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचं. दख्खनच्या या थरांचे गट पाडताना भूवैज्ञानिकांनी एका मोठ्या गटाला कळसूबाईचंच नाव दिलंय. या दगडात शेकडा दोन-तीन भाग टायटॅनियमचं ऑक्साइड असतं. एका इम्प्लांटचं वजन असतं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. हिशेब करून बघा : शेताच्या बांधावरचा किलोभर काळा दगड उचलला तर त्यात पंचवीस-पस्तीस इम्प्लांटांपुरतं टायटॅनियम असतं. ज्या दगडाला ठेच लागून आम्ही लहानपणी अंगठे फोडून घेतले, त्याच्या पोटात हे होतं. घाटाच्या पश्चिमेला हाच दगड झिजून नद्यांबरोबर समुद्राला मिळाला, आणि लाटांनी तो सुपात पाखडावा तसा पाखडला. हलकी वाळू वाहून गेली, जड काळे कण मागं राहिले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, मालगुंडच्या बाजूला जी काळी वाळू दिसते ती इल्मेनाइटची, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमच्या खनिजाची. अशाच काळ्या वाळूत 1791 साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला विल्यम ग्रेगरला हे मूलद्रव्य पहिल्यांदा सापडलं.

सापडलं खरं, पण धातू म्हणून ते मोठ्या प्रमाणात हाती लागायला दीडशे वर्षं गेली. कारण टायटॅनियमला प्राणवायूची विलक्षण ओढ आहे. लोखंडाचा दगड कोळशात भाजला की लोखंड प्राणवायू सोडून मोकळं होतं. टायटॅनियम सोडत नाही. शेवटी विल्यम क्रोल या लक्झेंबर्गच्या धातुतज्ज्ञानं 1930-40 च्या काळात वळणाची वाट काढली : आधी क्लोरीनशी त्याचा संयोग करायचा, मग हवेचा लवलेशही नसलेल्या भट्टीत मॅग्नेशियमकडून तो क्लोरीन काढून घ्यायचा. आजही ते बहुतांशी असंच करतात आणि म्हणूनच ते महाग पडतं.

आता गंमत बघा. धातू हाती आला, त्याचा स्क्रू घडवला, आणि तो हवेत आला त्याच क्षणी त्याच्या अंगावर प्राणवायूचा थर पुन्हा चढतो. हा थर मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागापेक्षाही पातळ, पण इतका घट्ट आणि इतका शांत की लाळ, रक्त, मीठ, लिंबू कशानंही तो हलत नाही. ओरखडा पडला तर पुन्हा तत्काळ भरून येतो. त्यामुळं हाडाच्या पेशींना धातू दिसतच नाही. त्यांना दिसतं ते एक निरुपद्रवी, दगडासारखं पृष्ठ, ज्यातून काही झिरपत नाही, काही टोचत नाही. ज्या हट्टापायी हा धातू दीडशे वर्षं माणसाच्या हाती सहजी आला नाही, त्याच हट्टापायी तो माणसाच्या हाडात राहू शकतो. मला हे समजलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

तरीही धातू नुसता शांत बसून भागत नाही. हाडाला काम करावं लागतं, आणि ते काम कसं चालतं हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला फार सोपं आहे, कारण दर आषाढात तो ते शेतात बघतो. भाताची आवणी केली की रोप पहिल्या दिवशी चिखलात ताठ उभं असतं. ते मुळानं उभं नसतं, चिखलानं धरलेलं असतं. पुढचे काही दिवस ते पिवळं पडतं, मलूल होतं. जुनी मुळं तुटलेली, नवी अजून फुटायची. मग नवी मुळं धरतात आणि रोप हिरवं होतं. इम्प्लांटचंही असंच. बसवल्या दिवशी तो घट्ट असतो तो नुसत्या आट्यांच्या पकडीनं. मग हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि भोकाभोवतीचं दुखावलेलं हाड साफ करायला लागतात. त्यांच्या मागून हाड घडवणाऱ्या पेशी येतात आणि नवं, मऊ हाड धातूवर थेट विणत जातात. जुनं निघालेलं आणि नवं अजून पक्कं न झालेलं, अशी तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराची वेळ सर्वांत नाजूक. नेमकं तेव्हाच माणसाला बरं वाटायला लागलेलं असतं आणि तो त्या बाजूनं शेंगदाणे फोडायला जातो. डॉक्टर ‘तीन महिने थांबा’ म्हणतात ते कशासाठी, हे इथं कळतं. वरच्या जबड्यात हाड पोकळसर, तिथं आणखी थोडं थांबावं लागतं.

प्रत्यक्ष बसवण्याचा दिवस मी समजत होतो त्याहून सौम्य होता. आधी जबड्याचा त्रिमितीय स्कॅन झाला. खालच्या जबड्याच्या आतून एक जाड नस जाते, ओठाला संवेदना देणारी. तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी अंतर राखायचं असतं, आणि हाडाची उंची-रुंदी पुरेशी आहे का तेही बघायचं असतं. मग बधिरतेचं इंजेक्शन, तेच दाढ काढताना देतात ते. हिरडी थोडी बाजूला करून आधी बारीक भोक, मग जरा मोठं, मग आणखी मोठं, आणि सगळा वेळ मिठाच्या गार पाण्याची धार. या धारेबद्दल मी विचारलं. हाड 47 अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी त्या जागच्या पेशी मरू शकतात, आणि मेलेलं हाड काही धरत नाही. म्हणून ड्रिल सावकाश, पाणी भरपूर, घाई नाही. स्क्रू आत गेला तो डॉक्टरांनी हातातल्या पान्यानं फिरवत, त्यावरचा आकडा बघत. दुखलं नाही, कुणीतरी दूरवर खुंटी पिरगाळतंय असा दाब जाणवला. वरून हिरडी शिवली आणि मला घरी पाठवलं.

इथवर सगळं कौतुकाचं. पण जे इम्प्लांटला जमत नाही, तेच मला जास्त थक्क करतं.

खरा दात हाडाला चिकटलेला नसतोच. त्याचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरहूनही अरुंद अशी एक फट असते, आणि त्या फटीत हजारो धाग्यांची जाळी ताणलेली असते. दात त्या जाळीत झोळीतल्या बाळासारखा टांगलेला असतो. चावलं की तो किंचित खाली दबतो आणि पुन्हा वर येतो. आणि या जाळीत मज्जातंतूंची टोकं पेरलेली असतात. भात खाताना एक बारीक खडा दाताखाली येतो, आणि आपल्याला ‘खडा’ असं कळायच्या आधीच जबडा थांबलेला असतो. तो थांबवते ती ही जाळी. सिनेमाच्या तिकिटापेक्षा पातळ, केसाहूनही बारीक गोष्ट खऱ्या दातांना दोघांच्या मध्ये आली की कळते. इम्प्लांटला ही जाळी नाही. तो हाडात थेट रुतलेला, खडकात गाडलेल्या खांबासारखा. त्याला खडा कळतो तो हाडातून, उशिरा आणि ढोबळ. म्हणून समजूतदार डॉक्टर इम्प्लांटवरचा दात बसवताना तो शेजाऱ्यांपेक्षा अगदी किंचित हलका लागेल असा घासतात, म्हणजे जोरात चावल्यावर शेजारी दबले तरी सगळा भार त्याच्या एकट्यावर येत नाही.

हिरडीचंही तसंच. खऱ्या दाताला हिरडीचे धागे आडवे घुसून त्याला घट्ट धरून ठेवतात. इम्प्लांटभोवती ते नुसते बांगडीसारखे वेढा घालतात. म्हणून जंतूंना खाली उतरायला वाट सोपी. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजू शकते आणि मग खालचं हाड विरघळू शकतं, आणि या सगळ्यात बहुधा दुखत नाही. दाढ किडली तर ती रात्रभर जागवते. हा गप्प राहतो आणि एक दिवस हलायला लागतो. दहा वर्षांनंतरच्या नोंदी पाहिल्या तर शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. पण ते राखलेले असतात, घासलेले असतात, वर्षातून एक-दोनदा दाखवलेले असतात.

आमच्या भागात याबद्दल बोलताना मिसरीचं नाव घ्यावंच लागतं. भाजलेली तंबाखू कुटून हिरड्यांवर चोळायची, सकाळी एकदा म्हणून सुरू होते आणि दिवसातून पाच-सहा वेळा होते. बायकांना त्याचं जास्त व्यसन, कारण त्याला कुणी व्यसन म्हणतच नाही. दात घासणंच म्हणतात. मिसरीनं हिरडी खाली सरकते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फसण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्त नाही तिथं नवं हाड नाही. साखरेच्या आजाराचंही असंच आहे. साखर ताब्यात असेल तर इम्प्लांट होतो, ताब्यात नसेल तर आधी ती आणावी. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून ज्या आजींना गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू आहेत त्यांनी ती गोष्ट डॉक्टरांनी न विचारताही स्वतःहून सांगावी. त्यातली काही औषधं जबड्याचं हाड भरून येण्यात अडथळा आणतात.

मग कुणी करावा आणि कुणी करू नये? मला जे पटलं ते सांगतो. स्वतःचा दात रूट कॅनल करून वाचत असेल तर आधी तो वाचवावा. ती पाव मिलिमीटरची जाळी कुठल्याच दुकानात मिळत नाही. सगळ्यांत मागची दाढ गेली असेल आणि बाकीचे दात नीट असतील, तर काहीच न करणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. नेदरलँड्समधल्या अर्न्ड काइसर यांनी फार पूर्वी दाखवून दिलंय की वीसेक नीट जुळणाऱ्या दातांवर माणसाचं चावणं चांगलं भागतं. जपाननं 1989 पासून चालवलेली मोहीमही तीच : ऐंशीव्या वर्षी वीस दात. शेजारचे दोन्ही दात आधीच टोप्या घातलेले असतील तर ब्रिज करावा, त्यात नुकसान नाही. शेजारी धडधाकट असतील, हाड पुरेसं असेल, तंबाखू नसेल, तर इम्प्लांट. माझं असंच होतं.

पण इम्प्लांटचा सर्वांत मोठा उपयोग मला माझ्यासारख्याच्या एका दाढेत दिसत नाही. तो दिसतो सगळे दात गेलेल्या म्हातारीच्या खालच्या जबड्यात. खालची कवळी सहसा नीट बसत नाही. वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो, खालची मात्र जीभ हलली की हलते. अशा जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवायचे आणि कवळीला आतून चाप लावायचे, म्हणजे ती टिचकन बसते आणि रात्री काढून धुता येते. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं. जी बाई गेली दहा वर्षं नाचणीची भाकरी दुधात कुस्करून खातेय, आणि राजूरच्या पेढ्याखेरीज दुसरं काही तोंडात टाकायला बिचकते, तिला हे दोन स्क्रू पुन्हा हरभऱ्याच्या घाट्यांपर्यंत नेऊ शकतात. सार्वजनिक पैसा कुठं खर्च करावा असं कुणी मला विचारलं तर मी या दोन स्क्रूंकडं बोट दाखवीन.

पैशाचं बोलायचं तर एका इम्प्लांटला वरच्या दातासकट साधारण 25,000 ते 50,000 रुपये पडतात; शहर, कंपनी, आणि हाड भरावं लागतंय का यावर ते ठरतं. दंत महाविद्यालयांत कमी लागतात, वेळ जास्त लागतो. त्यासाठी राजूरच्या माणसाला फार लांब जायला नको : संगमनेरजवळ दंत महाविद्यालय आहे, लोणीला आहे. पण चार-पाच महिन्यांत पाच-सहा फेऱ्या म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी आणि एसटी, तीही किमतीत धरायला हवी.

ही वाट प्रवरेच्याच काठाकाठानं जाते. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली ही नदी भंडारदऱ्याच्या धरणातून खाली येते, पुढं संगमनेरजवळच्या जोर्व्याला, पुढं लोणीच्या उसात, आणि शेवटी नेवाशाजवळ गोदावरीत. जोर्व्याच्या नावानं ओळखली जाणारी ताम्रपाषाणयुगीन माणसं तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या काठांवर शेती करत होती. त्याच संस्कृतीच्या इनामगावच्या सांगाड्यांचा डेक्कन कॉलेजात अभ्यास झाला, तेव्हा संशोधकांना त्यांच्या आहाराबद्दल आणि बालपणातल्या आजारपणाबद्दल पुष्कळ काही सांगितलं ते दातांनी. बाकीचं हाड मऊ होतं, चुरतं, दात राहतात. मातीत तीन हजार वर्षं टिकणारी ही वस्तू आपल्या तोंडात साठ वर्षं टिकत नाही, याचा विचार मी दर फेरीला त्या रस्त्यानं जाताना करायचो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हिरडी उघडली. आत धातूचं तोंड लख्ख दिसत होतं, म्हणे. मला आरसा दिला, पण मला लाल आणि चंदेरी एवढंच कळलं. मग त्यांनी आरशाची दांडी उलटी धरली आणि तिच्या टोकानं त्या स्क्रूवर हळूच ठोकलं. बाजारात मडकं घेताना बाई बोटाच्या पेरानं वाजवून बघते तसं. हाडानं धरलं नसेल तर आवाज बद येतो, भेगाळलेल्या मडक्यासारखा. धरलं असेल तर तो दगडावर सळई आपटावी तसा खणखणीत येतो. माझ्या जबड्यातून तो आवाज कानापर्यंत आतूनच आला. टण्ण. डॉक्टरांनी पुन्हा एकदा ठोकलं, बहुधा माझ्यासाठी, आणि म्हणाले, ‘धरलंय.’